देवभीरू घराचा अर्ज

२७ फेब्रुवारी, सोमवार

मोठा उपास आज सुरू झाला. पन्नास दिवस मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही. मांजराला हे कुणी सांगितलेलं नाही. ते सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्याकडे रागाने बघतंय.

रबर सोसायटीने दिलेली ही डायरी दोन महिने कोरीच पडून होती. आजपासून लिहायची ठरवली, त्याला कारण घडलं. काल मिस्सानंतर फादर लिजोंनी जाहीर केलं की आपल्या चर्चला यंदा पंचाहत्तर वर्षं पुरी होतात, म्हणून ईस्टरच्या दिवशी सगळ्या गावातून एक ‘देवभीरू कुटुंब’ निवडणार. त्या घराचा फोटो चर्चच्या सभागृहात कायमचा लागेल. हे ऐकताच चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. मी मुद्दाम छताकडे बघत राहिलो.

माझे अप्पन, म्हणजे वडील, म्हणायचे, देवाला भिऊन राहिलं की दुसऱ्या कशाला भ्यावं लागत नाही आणि घर भरलेलं राहतं. मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली अकरा हेडमास्तर म्हणून. संध्याकाळची प्रार्थना एकदाही चुकवली नाही, वादळात छप्पर उडालं त्या दिवशीसुद्धा नाही. छत्र्या धरून म्हटली. फळ डोळ्यांसमोर आहे. बिनॉय डब्लिनला, सिबी कुवेतला. दाराला सागवान. आई एक्क्याण्णव वर्षांची, तिचे स्वतःचे दोन दात शाबूत. माझी साखर काबूत.

बायकोला, एलिक्कुट्टीला म्हटलं, “आपण अर्ज करायचा.”

ती कप्प्याचा, म्हणजे टॅपिओकाचा, कंद सोलत होती. “कुणाकडे? देवाकडे?”

“फादरकडे.”

“मग मिळेल,” ती म्हणाली. ती फार बोलत नाही. तो तिचा मोठा गुण आहे, अर्जात लिहायला हवा.

२ मार्च, गुरुवार

समिती कुठल्याही संध्याकाळी न कळवता येणार असं बाहेरून समजलं. समिती म्हणजे फादर लिजो आणि कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर. तेव्हा गाफील राहून चालणार नाही. आजपासून ठीक सातला टीव्हीवर चादर, येशूच्या तसबिरीखालचा लाल दिवा चालू, सगळ्यांनी गुडघ्यांवर. पूर्ण जपमाळ, पूर्ण लिटनी, संतांच्या प्रार्थना आणि शेवटी मृतांसाठीची. आज पन्नास मिनिटं लागली. एलिक्कुट्टीला उठताना भिंत धरावी लागली. म्हणाली, गुडघ्यात जरा कळ आली. सवयीने जाईल.

मात्र एक गोष्ट मला खटकते. जपमाळेच्या तिसऱ्या दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीत, ती दहाऐवजी अकरा ‘नमो मारिया’ म्हणते. मी दहावी संपवून थांबतो, ती एकटीच पुढची म्हणते, मग माळ सरकते. गेली काही वर्षं हे असंच चालू आहे. समितीसमोर असं झालं तर काय दिसेल? आज विचारलं. म्हणाली, “मोजायला चुकते हो.” शाळेत वीस वर्षं शिवणकाम शिकवलं या बाईने, कधी एका टाक्याची चूक केली नाही. वय झालं की असं होतं.

अम्मच्चीला, म्हणजे माझ्या आईला, आरामखुर्चीत बसायची सूट आहे. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, “देवस्या, मी जन्मभर देवाला भ्याले, तक्रार नाही. पण हल्ली आम्ही त्याला भितो का तुला, हेच कळेनासं झालंय.”

मी हसून सोडून दिलं. तर पुढे म्हणते, “जिन्सीची बस आली का रे?”

मी चादर काढून टीव्ही लावला.

८ मार्च, बुधवार

अर्ज मिळाला. चार पानी. पहिल्याच पानावर ‘अपत्ये’. मी लिहिलं, दोन.

एलिक्कुट्टी चहा घेऊन आली होती. तिने कागदाकडे बघितलं, चहा ठेवला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दाणे सकाळीच टाकून झाले होते.

इथेही लिहिणार नव्हतो, पण डायरी खाजगी असते. तिसरं अपत्य म्हणजे जिन्सी. त्रिशूरला हॉस्पिटलात नर्स होती. सहा वर्षांपूर्वी तिथल्याच प्रयोगशाळेतल्या सुधीश नावाच्या माणसाशी तिने सरकारी कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगा हिंदू. चर्चची पायरीही चढली नाहीत. पत्र आलं त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, आजपासून ती आपल्याला मेली. त्यानंतर या घरात तिचं नाव निघालेलं नाही. अम्मच्ची काढते, पण तिला काय शिक्षा करणार? गावात सगळे म्हणाले, देवस्या सर म्हणजे करारी माणूस, पोटच्या पोरीपेक्षा देव मोठा मानला. पहिलं वर्षभर मला झोप लागत नव्हती, पण ती पित्तामुळे.

तिसऱ्या पानावर ‘धर्मरक्षणासाठी केलेले कार्य’. इथे माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. शेजारच्या मत्तायीचं प्रकरण सविस्तर लिहिलं. ज्या घरात मयत झालं, तिथे वर्षभर पेसाहाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, गुरुवारी उडीद-तांदळाची बिनखमिराची भाकर, अप्पम, करत नाहीत. शेजारपाजारचे नेऊन देतात. हा वाडवडिलांपासूनचा नियम. मत्तायीचे वडील गेले, पुढच्या पेसाहाला वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस कमी होते. पोरं बंगळुरूहून आली होती म्हणून त्याच्या बायकोने, चिन्नम्माने, उडीद भिजत घातले. मी स्वतः जाऊन थांबवलं. ती म्हणाली, “सर, नऊच तर दिवस!” मी म्हटलं, “नऊ असोत की एक, मृत्यू हा मृत्यू. त्याच्याशी घासाघीस चालत नाही.” भिजलेले उडीद तिने कोंबड्यांना घातले म्हणे. त्यांना अप्पम आमच्याच घरून गेलं. नियमही राहिला, शेजारधर्मही राहिला.

हे वाक्य मला आवडलं. अर्जात तसंच्या तसं लिहिलं.

१९ मार्च, रविवार

नवी कल्पना सुचली. परदेशी गेलेल्या मुलांनीही प्रार्थनेत भाग घेतला तर समितीवर छाप पडेल. तेव्हा आज फोन तसबिरीखाली उभा करून बिनॉयला जोडलं. तो डब्लिनच्या एका दुकानात भाजी घेत होता. जपमाळेच्या मध्येच एक बाई इंग्रजीत विचारत होती, पिशवी हवी का. बिनॉय म्हणाला, “आमेन, नको.” अम्मच्ची इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

सिबीचा फोन लागला नाही. कुवेतला कामाची वेळ असते. गेल्या महिन्यातही लागला नव्हता.

२६ मार्च, रविवार

फादर लिजो आले. प्रार्थनेच्या वेळी नाहीत, दुपारी चारला, एकटेच, स्कूटरवर. काखेत बाप्तिस्म्याची जुनी वही. उपास म्हणून बिनदुधाचा चहा आणि उकडलेला कप्पा, हिरव्या मिरचीची चटणी. त्यांनी दोनदा मागून घेतलं. माणूस तिशीतला आहे, पण भूक चांगली.

मग वही उघडून म्हणाले, “सर, अर्ज वाचला. अक्षर फार सुंदर. एकच शंका होती. अर्जात अपत्यं दोन, वहीत तीन.”

मी म्हटलं, “तिसरीला आम्ही मेली समजतो.”

“अरेरे. कधी वारली?”

“वारली नाही फादर. समजतो.”

“म्हणजे कसं?”

मला वाटलं, नवीन आहेत, त्यांना इतिहास माहीत नसेल. सगळा सांगितला. ते चटणी बोटाने चाटत ऐकत होते. ऐकून म्हणाले, “सर, माझी अडचण जरा कारकुनी आहे. जिवंत असेल तर अर्जात तीन लिहावं लागेल. मेली असेल तर मृतांच्या वहीत नोंद करावी लागेल. मधली वही आपल्याकडे नाही.”

मी सरळ माणूस आहे, नाकासमोर चालणारा. चर्चच्या माणसासमोर मी शब्द फिरवत नसतो. आत एलिक्कुट्टी उभी होती, अम्मच्ची खुर्चीत होती. त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. म्हटलं, “मग मेली लिहा.”

फादरनी विचारलं, “विचार करून सांगताय ना?”

“देवाच्या बाबतीत मी विचार करत बसत नाही, फादर.”

“ते दिसतंय,” ते म्हणाले. वही त्यांनी मिटली. लिहिलं काहीच नाही. माझ्या ठामपणाने त्यांना बोलायला जागाच उरली नाही असं मला वाटतं. जाताना अम्मच्चीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. तिने त्यांनाही विचारलं, जिन्सीची बस आली का. ते म्हणाले, “उशीर झालाय अम्मच्ची, पण बस अजून बंद झालेली नाही.” म्हाताऱ्यांशी कसं बोलावं हे या मुलाला कळतं.

माझ्या मते निकाल लागल्यात जमा आहे.

२७ मार्च, सोमवार

एक चांगलं, एक विचित्र.

चांगलं हे, की आज तिसऱ्या दशकात एलिक्कुट्टीने बरोबर दहाच म्हटल्या. मी ऐकत होतो. इतक्या वर्षांनी बाईचा हिशेब सुधारला.

विचित्र हे, की शेवटी मृतांच्या प्रार्थनेत, माझ्या अप्पनचं नाव, तिच्या आईवडिलांची नावं झाल्यावर ती शेजारी मत्तायीकडे ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली, “आणि जिन्सीच्या आत्म्याला शांती लाभो.”

मी खाकरलो. अम्मच्ची खुर्चीतून म्हणाली, “कुणाच्या?”  नंतर मी एलिक्कुट्टीला एकटीला गाठून म्हटलं, “हे काय होतं?”

“काल तुम्हीच फादरना सांगितलंत.”

“ते तसं नव्हे.”

“मग कसं?” ती म्हणाली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आवाजात जराही धार नव्हती. मी टीव्हीवरची चादर काढून घडी घालायला घेतली.

२ एप्रिल, रविवार

या आठवड्यात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागलेत. चर्चच्या आवारात दोघातिघांनी नुसता हात दाबला. दूधवाल्याने घंटी वाजवली नाही. आधी वाटलं, निवड झाल्याचं फुटलं आणि हा आदर आहे. मग चिन्नम्मा आली, पांढऱ्या साडीत, एलिक्कुट्टीशेजारी पडवीत बसली आणि म्हणाली, “कसं सोसताय चेटत्ती?”

एलिक्कुट्टी म्हणाली, “सहा वर्षं सोसलंच की.”

 मी पेपर वाचत होतो. चिन्नम्माने घरून कांजी आणि चवळी करून आणली होती. मयताच्या घरी आणतात तशी, झाकण बांधून.

मी रागावलो. रागाने कांजी खाल्ली नाही. मग भूक लागली तेव्हा खाल्ली. खरं म्हणजे रागवावं कुणावर? मी जे बोललो तेच लोक धरून चाललेत. मला हवं होतं की माझा शब्द त्यांनी मानावा, आणि ते मानतायत. पण म्हणून इतका मानावा?

रात्री पित्त झालं.

९ एप्रिल, रविवार

आज झावळ्यांचा रविवार. चर्चमधून झावळी आणली आणि पेसाहाच्या अप्पमवर ठेवायला तिच्या पातीचा क्रूस करून ठेवला. तो मीच करतो, दर वर्षी. अप्पम कापून वयाप्रमाणे एकेकाच्या हातात देण्याचा मानही घरच्या कर्त्याचा.

फादरनी मिस्सानंतर मला बाजूला घेतलं. “सर, शेवटच्या फेरीत तीन घरं उरलीत. गुरुवारी संध्याकाळी सातला आम्ही तुमच्याकडे येतो. घरात अप्पम मोडतानाच बघू. त्यापेक्षा देवभीरू घराची दुसरी खूण ती कुठली?”

मी म्हटलं, “अगदी योग्य.”

“अप्पम असेल ना?” त्यांनी विचारलं.

काय प्रश्न! साठ वर्षांत आमच्या घरात अप्पम झालं नाही असं एकदाच झालं, अप्पन गेले तेव्हा.

घरी येऊन एलिक्कुट्टीला सांगितलं. तिने क्रूस घेतला आणि तसबिरीच्या मागे खोचला.

१३ एप्रिल, पेसाहाचा गुरुवार, सकाळी साडेनऊ

उडीद भिजलेले नाहीत.

सकाळच्या प्रार्थनेहून आलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ओटा कोरडा. तांदळाचं पीठ नाही, नारळ फोडलेला नाही. एलिक्कुट्टी खाली बसून माझा शर्ट रफू करत होती.

“आज गुरुवार आहे,” मी म्हटलं.

“माहितीये.”

“समिती सातला येणार.”

“येऊ देत.”

“अप्पम?”

तिने दोरा दाताने तोडला. “मयताच्या घरात अप्पम करत नाहीत, इच्चाया. तुम्हीच म्हणता. आपल्या घरात मयत झालंय. तुम्ही पुरोहितासमोर सांगितलंत. तारीख सव्वीस मार्च. अजून महिनासुद्धा झाला नाही.”

“ती सहा वर्षांपूर्वी...” मी म्हणालो आणि थांबलो.

“तेव्हा तुम्ही टेबलावर बोललात. रागातलं म्हणून मी मनात त्याला किंमत दिली नाही. रोज तिच्यासाठी एक जादा नमो मारिया म्हणत गेले. पण चर्चच्या माणसाला सांगितलंत म्हणजे ते पक्कं झालं. माझं लेकरू मेलंय तर मी चूल कशी पेटवू?”

एवढं सलग बोलताना मी तिला बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. सुई मात्र अगदी सरळ चालली होती.

मी म्हटलं, “शब्दाचा असा कीस काढायचा नसतो.”

ती म्हणाली, “नऊ दिवसांचा काढला होता ना.”

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी इथे येऊन लिहीत बसलोय, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही. समितीला काय सांगणार? अप्पम नाही कारण घरात मयत. आणि मयत कुणाचं, तर जी त्रिशूरला बसने अडीच तासांवर आहे तिचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच

जेवढं आठवतं तेवढं लगेच लिहून टाकतो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे, त्यात उडीद आहेत. पुरते भिजले नाहीत. अप्पम जरा घट्टच होणार. असू दे.

दहा वाजता मत्तायी आला. धुतलेलं मुंडू, कपाळावर आठी. पायरीवरच उभा राहिला. “सर, सांगायला आलो. आज तुमच्या घरचं अप्पम आमच्याकडून. चिन्नम्माने जास्तीचे उडीद घातलेत. चेटत्तींना म्हणावं, काही करू नका.”

मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. सापडली असती तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. ती नव्हतीच. त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, “मुलगी आधी जावी आणि बापाने उरावं, याहून वाईट काय, सर? ती लहानपणी आमच्याच फणसावरून पडली होती. मीच उचलून आणलं होतं.”

“मत्तायी,” मी म्हटलं, “ती तशी गेलेली नाही.”

“तशी म्हणजे?”

“म्हणजे... आहे.”

त्याने विचारलं, “मग अप्पम आणू का नको?”

साधा प्रश्न. तेहतीस वर्षं मी पोरांना विचारत आलो, हो का नाही ते सांग, गोल गोल फिरू नकोस.  म्हटलं, “कळवतो.” तो गेला.

मी आत गेलो. अम्मच्ची खुर्चीत माळ घेऊन बसली होती. एलिक्कुट्टी तिथेच, रफू संपवून, रिकामे हात मांडीवर ठेवून. मी शक्य तितक्या अधिकाराने म्हटलं, “ठीक आहे. जिन्सी जिवंत आहे. उडीद भिजत घाल.”

“मला काय सांगता?” एलिक्कुट्टी म्हणाली. “सहा वर्षांत बघितलंत? आवाज ऐकलात? तुम्हाला काय माहीत ती आहे का नाही?”

“मग विचारू कुणाला?”

“तिलाच.”

आणि तिने नंबर सांगितला. कागद न बघता, न अडखळता, दहाही आकडे.  माझं बोट मात्र दोनदा चुकीच्या आकड्यावर पडलं. काय विचारायचं ते मनात पक्कं केलं: फक्त आहेस का, एवढंच. नियमासाठी. बाकी एक शब्द नाही.

फोन उचलला तो एका लहान मुलीने.

“कोण बोलतंय?”

मी म्हटलं, “देवस्या सर.”

“कुठले सर? आमच्या शाळेत तर सगळ्या टीचर आहेत.”

“तू कोण?”

“मीनू. यूकेजी बी.”

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायला गेलं तर मी ऐकून घेतलं नसतं, हेही खरं. मी एलिक्कुट्टीकडे बघितलं, तिने नजर खिडकीबाहेर वळवली.

“आई आहे का घरी?” मी विचारलं.

“अम्मा नारळ खवतेय. आज पेसाहा आहे ना, अप्पम करायचंय. तुमच्याकडे नाही करत?”

“करतात,” मी म्हटलं. “अजून केलं नाही.”

“तुम्ही अम्माचे सर आहात?”

“मी तुझ्या अम्माचा अप्पन.”

 ती खुदकन हसली. “खोटं! अम्माचे अप्पन देवाकडे गेलेत. मला माहितीये. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की शेवटी त्यांच्यासाठी एक वेगळी असते. ती मी एकटी म्हणते, मला पाठ आहे. अम्माशेजारी अच्छनसुद्धा हात जोडून बसतो. म्हणून दाखवू?”

“नको,” मी म्हटलं.  मग जन्माची सवय म्हणून असेल, पण मी विचारलं, “कधी गेले ते?”

“मी नव्हते तेव्हाच.”

म्हणजे वर्ष कधीच पुरं झालं होतं. नियमाप्रमाणे त्या घरात अप्पम करायला काही हरकत नव्हती. हा विचार माझ्या डोक्यात खरोखर आला, तो इथे लपवत नाही. आणि त्यापाठोपाठ दुसरा आला, की सहा वर्षं मी तिला माझ्या प्रार्थनेतून पुसून टाकलं, आणि ती मात्र रोज आपल्या लेकराला गुडघ्यांवर बसवून माझ्यासाठी देवाकडे मागत आली. मला मेलेला म्हणून का होईना. मी खुर्चीचा हात धरून खाली बसलो. रडू आलं हे लिहायला हवं, आलं. अम्मच्ची म्हणाली, “जिन्सीची बस आली वाटतं.”

“मीनू,” मी म्हटलं, “अम्माला जाऊन सांग, तिचा अप्पन जिवंत आहे. फोनवर आहे.”

“खरंच?”

“अगदी खरं.”

फोन कुठेतरी आपटला आणि ती ओरडत धावली, “अम्मा, अम्मा, मेलेले अप्पच्चन फोनवर आलेत! माझी प्रार्थना पोचली!”

एक भांडं पडलं. मग पावलं आली, मोठ्या माणसाची, भरभर. मग श्वास. मी पाठ केलेला प्रश्न तोंडात तयार होता, पण ती आधी बोलली. सहा वर्षांनी बापाचा फोन आला तर मुलीला एकच गोष्ट सुचणार, तीच तिला सुचली.

“चाच्चा?” ती म्हणाली. लहानपणापासून ती मला असंच म्हणते. “कोण गेलं? आई आहे ना? अम्मच्ची? कोण गेलं, सांगा ना!”

“कुणी नाही, पोरी,” मी म्हटलं. “आपल्या घरात कुणी मेलेलं नाही.”